बेडूक मामाकडे गेला नव्हता

मी हातानं रंगवलेलं एक पुस्तक बोलतोय. छापखान्याचं तोंड मी पाहिलेलं नाही, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. छापील पुस्तकांना हजारभर भावंडं असतात. माझ्यासारखं दुसरं शोधून दाखवा!

मला घडवलं एका पाट्या रंगवणाऱ्या आजोबांनी. जन्मभर त्यांनी दुकानांवर 'येथे छत्र्या दुरुस्त होतील' आणि जिन्यावर 'पायरी सांभाळा' असं लिहिलं. त्यामुळे माझी अक्षरं कशी ठसठशीत, रस्त्यापलीकडूनही वाचता येतील अशी आहेत. घरात माणसं तीनच: आजोबा, औषधांच्या दुकानात काम करणारी त्यांची मुलगी आणि सहा वर्षांची नात. ही नात सतत "का? का?" करायची, म्हणून आजोबा तिला 'कावळी' म्हणत. माझा घाट तिच्यासाठीच घातला होता.

माझ्या गोष्टीचा नायक एक बेडूक, भाषणराव. पोट सुटलेलं, नाकावर चष्मा, आणि डबक्यातल्या दगडावर उभं राहून दिवसभर भाषण. मध्येच जीभ फेकून तो एखादी माशी पकडतो आणि घास गिळताना डोळे गच्च मिटतो. "हा चव घेतोय असं वाटेल," असं आजोबांनी खाली लिहिलंय, "पण नाही! बेडकाचे डोळे आत दबतात आणि घास खाली ढकलतात. तुम्हाला जमतंय का बघा." पुढे भाषणरावांना साप गिळतो, सापाला घार उचलते, घार म्हातारी होऊन झाडाखाली पडते. मग मुंग्या आणि किडे पंगत मांडतात, तिथली माती कसदार होते, गवत वाढतं, गवतावर नाकतोडे येतात आणि नाकतोड्यांवर डोळा ठेवून नवा बेडूक हजर होतो. जे आहे ते असं आहे. मी त्यात तिखटमीठ लावलं नाही आणि साखरही घातली नाही, फक्त हसत हसत सांगितलं.

मी पूर्ण होत आलो तेव्हा आजोबांची छाती दुखायला लागली होती. शेवटचं गवत त्यांनी अंथरुणात बसून रंगवलं. मुलगी औषध घेऊन आली तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

"माझं काही बरंवाईट झालं ना, तर पोरीला खोटं सांगू नकोस. आधी हे वाचून दाखव. निम्मं काम माझा बेडूक करेल."

"बाबा, काहीतरीच काय बोलता! गोळी घ्या आधी."

तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन एकटीनं वाचलं. माश्यांपाशी हसली. भाषणराव सापाच्या तोंडात जाताना पाहून तिनं पदरानं डोळे पुसले, कणकेची खळ शिजवली आणि ती समोरासमोरची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटवून टाकली. मला राग आला, पण पानं दाबतानाही ती रडत होती, ते काही मला बघवलं नाही.

आजोबांनी मला चाळलं आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं. ओरडतील असं मला वाटलं होतं. ते खो खो हसले आणि खोकले.

"खळ लावलीस होय? असू दे. खळ म्हणजे काही सिमेंट नाही."

दोन दिवसांनी त्यांना दवाखान्यात हलवलं. आईनं त्या संध्याकाळी कावळीला माझी गोष्ट वाचून दाखवली. चिकटलेल्या पानांपाशी गोष्टीला भलामोठा खड्डा पडला होता. अलीकडे भाषणराव भाषण करतोय, पलीकडे साप तट्ट फुगून झोपलाय.

"बेडूक कुठे गेला?" कावळीनं विचारलं.

"तो... मामाकडे गेला."

"आणि साप एवढा जाड का झाला?"

"त्याला गालगुंड झालंय."

"पोटाला?"

"झोप आता!"

आठवड्याभरात आजोबा गेले. कावळीला तेवढे दिवस शेजारच्या शिंपीणकाकूंकडे ठेवलं होतं. परत आल्यावर तिला सांगितलं, आजोबा हवापालटाला गावाला गेलेत. काकूंनीही मान डोलावली. खोट्याला एकदा जागा करून दिली की चार माणसं मिळून त्याची सरबराई करतात, हे मी शेल्फावरून पाहत होतो.

सुरुवातीला कावळी खुशीत होती. मग तिची चौकशी सुरू झाली. कधी येणार? फोन का करत नाहीत? मला का नाही नेलं? आई दर वेळी काहीतरी नवं जुळवून सांगायची. तिकडे रेंज नाही, डॉक्टरांनी बोलायला मना केलंय. पोरगी हळूहळू विचारेनाशी झाली. आईला वाटलं, विसरली. विसरते कसली! एके दिवशी शाळेतून येऊन तिनं दप्तर फेकलं.

"आजोबांशी कट्टी. कायमची. जाताना मला सांगितलंसुद्धा नाही."

आणि तिनं मला कपाटामागे भिरकावलं.

तेव्हा माझा जीव तुटला. कारण खरं काय ते मला माहीत होतं. दवाखान्यात न्यायला माणसं आली तेव्हा आजोबा शाळेच्या रस्त्याकडे बघत होते, पोरीची वाट बघत होते. आणि ही इकडे त्यांच्यावर रुसून बसली होती. सांगणार कोण? माझं तोंड तर खळीनं बंद केलेलं.

कपाटामागे अंधार होता आणि भिंतीला ओल होती. तिथे कसर राहत होती, म्हणजे कागद खाणारे ते चपळ, चंदेरी किडे. पुस्तकं त्यांच्या नावानं चळचळा कापतात. मी मात्र दाराशी पाहुणे यावेत तसा त्यांना सामोरा गेलो. कणकेची खळ म्हणजे त्यांचं आवडतं खाणं. त्यांनी महिनोन् महिने ती चवीनं खाल्ली, आणि जाता जाता माझे कोपरेही कुरतडले. माझी काही तक्रार नाही. त्यांनाही पोट आहे, आणि ज्या विषयावर मी इतकी पानं खर्ची घातली तो माझ्यावरच आला म्हणून मी का बोंबलू?

मग घराला रंग द्यायचं ठरलं. कपाट ओढलं, तसा मी धुळीत उताणा पडलो. ती दोन पानं मधोमध सुटली होती.

कावळीनं मला उचललं. डाव्या पानावर भाषणराव अर्धा सापाच्या तोंडात, आणि तरी बोलतोच आहे: "मित्रहो, माझे शेवटचे तीन मुद्दे..." उजव्या पानावर सापाच्या फुगलेल्या पोटातून आवाज येतोय: "सभा तहकूब!" कावळी फिसकन हसली. मग तिनं खालची ओळ बोट ठेवून मोठ्यानं वाचली. "भाषणराव मेला. तो आता परत येणार नाही. वाईट वाटतं ना? मलाही वाटलं, म्हणून त्याला मी तीन मुद्दे जास्त दिले."

आई झाडू घेऊन दारात उभी होती.

"आई, बेडूक मामाकडे गेला नव्हता."

"नाही."

"मग आजोबा?"

आई तिथेच जमिनीवर बसली. "ते गेले गं. दवाखान्यातच गेले. तुला खरं सांग म्हणाले होते ते, मीच नाही सांगितलं."

"म्हणजे ते मला सोडून नव्हते गेले?"

"नाही गं राणी. शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते."

कावळी भोकाड पसरून रडली. मी तिच्या मांडीवर होतो, माझं एक पान भिजून सुरकुतलं. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि आईकडे निरखून पाहिलं.

"मग इतके दिवस तू एकटीच रडत होतीस?"

आईनं हातातला झाडू बाजूला ठेवला. पोरीनं तिच्या गळ्यात हात टाकले, आणि त्या घरात पहिल्यांदाच दोघी मिळून आजोबांसाठी रडल्या.

आता माझे कोपरे गेलेत, शिवण उसवलीय, पण मी कामावर आहे. रोज संध्याकाळी कावळी मला घेऊन जिन्यात बसते आणि आळीतली पोरं भोवती जमतात. मोठ्यांना माझी एकच विनवणी आहे. पोरांना हसवा, हवं तेवढं हसवा, पण माझी पानं चिकटवू नका.

काल शिंपीणकाकूंची धाकटी पहिल्यांदाच ऐकायला आली होती. माश्यांपाशी हसून लोळली. मग ते पान आलं आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

"बेडूक कुठे गेला?"

"मेला," कावळी म्हणाली आणि तिच्याजवळ सरकली. "रड हवं तर. मी थांबते, मग पान उलटू."