पुस्तकातला अर्धा घोडा

टेकाडाच्या पायथ्याशी कुंपणाला टांगलेली पाटी उन्हाने पार विटली होती. ‘काम चालू असल्याने बंद’ हे शब्द आता जवळ जाऊनच वाचावे लागत. काम चाललेलं मात्र एव्हान्थियाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्या या गावात शिकवायला आल्या, त्याच्या आदल्याच वर्षी टेकाडाखालचं ते प्राचीन थडगं बंद झालं. आता त्यांची शाळाच बंद होत होती. चारच मुलं उरली होती; सप्टेंबरपासून ती बसने शहरातल्या शाळेत जाणार होती.

थडग्यातल्या भिंतीवरच्या चित्राचा फोटो इतिहासाच्या पुस्तकात होता. लाल घोडा, ताठ मान, उचललेला एक पाय. घोड्याची पाठ सुरू होते न होते तोच पान संपायचं. “बाई, मागे काय आहे?” असं दरवर्षी कुणीतरी विचारायचं, आणि “प्रत्यक्ष जाऊन पाहू,” असं बाई दरवर्षी सांगायच्या. हा शब्द पाळायला आजचा, शाळेचा शेवटचा, एकच दिवस उरला होता. परवानगीसाठी त्यांनी पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत महिनाभर फोन केले. दर वेळी “सोमवारी कळवतो” एवढंच उत्तर आलं. शेवटी पीचच्या बागांमधून मुलांना घेऊन त्या तशाच चालत आल्या.

फाटकावर पांडेलिस होता. रखवालदार, आणि बाईंचाच जुना विद्यार्थी.

“तुम्हाला नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतं, बाई. पण माणसांच्या श्वासाने आत ओल धरते. रंगाचे पोपडे पडतात.”

“चार मुलं आहेत, पांडेलिस. त्यांचा श्वास तो केवढा?”

“केवढा का असेना. ‘नियम म्हणजे नियम’ हे फळाभर कुणी लिहून घेतलं होतं माझ्याकडून?”

मागे मुलांमधला आर्गिरिस फिसकन हसला.

“तेवढं एकच बरं लक्षात राहिलं तुझ्या,” बाई म्हणाल्या.

पांडेलिसने मान खाजवली. “असं करू. आज मंगळवार. ओल मोजायला मला आत जायचंच आहे. मी बघतो आणि तुम्हाला सांगतो.”

लोखंडी दार करकरलं आणि तो आत गेला. मुलं तारेला गाल लावून उभी राहिली. मिर्सिनीने घोड्याचा पुढचा अर्धा भाग घरूनच काढून आणला होता. वही मांडीवर घेऊन ती पेन्सिल धरून बसली. थोड्या वेळाने दाराला कुलूप लावून पांडेलिस घाम पुसत आला.

“काय दिसलं?”

“ओल थोडी वाढलीय.”

“ओल नव्हे रे. घोडा.”

“हां. लाल आहे.”

“ते पुस्तकात आहे. पूर्ण वाक्यात सांग.”

पांडेलिसने टोपी काढली आणि फळ्यापाशी उभा राहायचा तसा हात बांधून उभा राहिला. “घोड्याला मागे दोन पाय आहेत. आणि शेपूट आहे. आणि ती शेपटी कुणीतरी हातात धरलीय.”

मिर्सिनीची पेन्सिल भराभर चालू लागली.

“कुणी?” बाईंनी विचारलं.

“ते नाही बघितलं.”

“नाही बघितलं म्हणजे?”

“पुरुष असेल. नाहीतर बाई. आकडा वाचायच्या नादात राहून गेलं.”

“दर आठवड्याला आत जातोस तू. इतकी वर्षं.”

“आकड्यासाठी जातो ना, बाई.”

“मग आता घोड्यासाठी जा.”

“कुलूप लावलं. दार उघडलं की आतल्या यंत्रात नोंद होते. आता पुढच्या मंगळवारी.”

बाईंनी तार धरून अशी हलवली की गंजाचे कपचे त्यांच्या पायांवर पडले. मिर्सिनीच्या कागदावर शेपूट आली होती, शेपटीवर एक हात आला होता, आणि हाताच्या पुढे कोरा कागद होता.

“बाई, पुढे काय काढू?”

“काही नको. राहू दे तसंच.” मग त्या पांडेलिसकडे वळल्या. “मंगळवारी मी येते. चेहरा, केस, कपडे, सगळं बघून ठेवायचं.”

“शाळा तर संपली, बाई.”

“तुझी नाही संपली.”

परतीच्या वाटेवर तो हात कुणाचा यावरून मुलं भांडत राहिली. आर्गिरिस म्हणे घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचा, मिर्सिनी म्हणे थडग्यात पुरलेल्या सरदाराच्या बायकोचा. बाईंना दोघांपैकी कुणालाच चूक म्हणता येईना.