आप्पांचं कोपर

पहिलाच डबा आप्पांच्या कोपराला धडकला आणि आडवा झाला. मागचे दोन त्याच्यावर चढले. इंजिन मात्र आपलं काही बिघडलंच नाही अशा थाटात एकटंच पुढच्या बोगद्यात शिरलं.

आप्पा म्हणजे वॉर्डातलं बडं प्रस्थ. खरे आप्पा आरतीला यायचे होते, हे प्लायवूडचे. कमरेपासून वर, हात जोडलेले, तोंडभर हसू आणि दोन्ही कोपरं एसटीच्या बाकावर जागा धरल्यासारखी बाहेर काढलेली. गाडी बनवणारी हर्षाली दुपारी घरी जेवायला गेली तेवढ्यात मंडळाच्या पोरांनी हा कटआउट गणपतीपुढच्या छोट्या आगगाडीच्या देखाव्यात, ऐन घाटाच्या वळणाच्या आत आणून ठोकला होता. गाडीचा फोटो कुणी काढला तर आप्पा त्यात आलेच पाहिजेत, असा हिशेब.

“इंजिन फिरवून बघितलं ना आम्ही,” अध्यक्ष झुंबर म्हणाला. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्यामुळे मापातलं आपल्याला कळतं याबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती. “चांगली बोटभर जागा राहत होती, ताई.”

“इंजिन आखूड असतं. डबा लांब. वळणावर डब्याची चाकं रुळावर राहतात, पण मधलं पोट आत येतं. टेबल मांडलं तेव्हाच मी घसा कोरडा करून सांगितलं होतं, वळणाच्या आत काही ठेवू नका म्हणून.”

“मग डबे आखूड करा. दुकानात मिळतात ना, छोटे छोटे. ते कसे गर्रकन वळतात.”

हर्षालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते छोटे डबे तिला लहानपणापासून डोळ्यांसमोर नको असायचे. खेळण्यातली गाडी टेबलावर वळावी म्हणून डब्याच्या निम्म्या खिडक्या उडवायच्या आणि त्याला गाडी म्हणायचं, हा तिला निव्वळ खोटेपणा वाटायचा. तिने अंबडच्या कंपनीतली नोकरी सांभाळून, संध्याकाळी डोळे फोडून, प्लॅस्टिकच्या पत्र्याचे अठरा डबे केले होते, खऱ्या मापाला धरून, एकही खिडकी न गाळता. पण जेलरोडच्या फ्लॅटमध्ये एवढं मोठं वळण मांडायला जागाच नव्हती. मांडायला गेलं की एकीकडे पलंग आडवा यायचा, दुसरीकडे दार. इतकी वर्षं डबे पलंगाखाली खोक्यांत पडून होते, एकत्र कधी धावलेच नव्हते. मंडळाने या वर्षी इगतपुरीच्या घाटाचा देखावा करायचं ठरवलं आणि प्रशस्त मांडव दिसला, तेव्हा तिने आपणहून जाऊन विचारलं होतं.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका अर्धवट राहिलेल्या गाडीसाठी. तिचे वडील गोरक्षनाना लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची कामं घ्यायचे. नवरी सासरी निघाली, रडारड संपली, की कॅसेटच्या उरलेल्या फितीवर ते स्वतःसाठी गाड्या टिपायचे. त्यामुळे हर्षालीच्या लहानपणी घरातल्या टीव्हीवर आधी कुणाची तरी पाठवणी व्हायची आणि लगेच मागून मेल यायची. सगळ्यांत देखणी कॅसेट इगतपुरीची होती. नाना डोंगरावर चढून बसले होते, आणि खाली वळणावरून अख्खी गाडी सापासारखी निघाली होती. सात वर्षांची हर्षाली पडद्याला नाक लावून डबे मोजायची.

एक दिवस नवव्या डब्यानंतर गाडी गेली आणि पडद्यावर हार घातलेला एक जाडजूड पुढारी आला. कुणाचा तरी सत्कार होता, ऐन वेळी कोरी कॅसेट नव्हती, गिऱ्हाईक दारात उभं होतं. नानांनी घाटाच्या कॅसेटवरच तो सत्कार उतरवला. हर्षालीने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. नाना मान खाली घालून एवढंच म्हणाले होते, “मोठ्या लोकांना नाही कसं म्हणायचं?” उरलेली गाडी तिने पुन्हा कधी पाहिली नाही, आणि तो पुढारी मात्र अजूनही डोळ्यांसमोर यायचा.

आता नाना मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. गुडघे गेलेले, डोंगर तर दूरच, घराचा जिनासुद्धा दमवायचा. लेकीने आज पूर्ण गाडी दाखवते म्हणून रिक्षाने आणलं होतं. पडलेले डबे बघून ते कासावीस झाले, पण बोलले ते नेहमीचंच.

“बेटा, कशाला त्यांच्या नादी लागते? बाकीचे डबे काढून ठेव, दोन चालव. लोकांना काय कळतंय.”

“दोन डबेसुद्धा जात नाहीत, नाना. आणि मला कळतंय ना. तुम्हाला कळतंय.”

“हे बघा ताई,” झुंबरने आवाज चढवला, “आप्पांनी मांडवाचा सगळा खर्च उचललाय. त्यांचा फोटो हलणार नाही. तुमची गाडी नुसती इंजिनावर फिरवू आम्ही. पब्लिकला इंजिन दिसलं, शिट्टी वाजली, बास झालं. मागं काय लागलं न् काय नाही, कोण बघत बसतंय?”

हर्षालीची नजर त्याच्यावरून कटआउटवर गेली. कॅसेटमधल्या पुढाऱ्याचाच निगरगट्टपणा, तेच हसू, फक्त हार घालायचा बाकी होता. यांना गाडी हवी होती, पण गाडीएवढी जागा द्यायची नव्हती. जिथं तिथं यांचं तोंड आधी, आणि बाकीच्यांनी अंग चोरून बाजूने जायचं. लहानपणी ती रडली होती. आता तिच्या पिशवीत रूळ कापायची बारीक दातांची करवत होती.

तिने ती काढली, टेबलावर एक गुडघा टेकवला आणि आप्पांचं डावं कोपर धरलं.

“अहो, काय करताय?” झुंबर पुढे धावला.

“जागा करतेय. फोटो जागचा हलत नाहीये. तुमचाच शब्द पाळतेय.”

प्लाय पातळ होता. दर्शनाच्या रांगेतली माणसं बघायला पुढे सरकली, कुणी तरी खदखदून हसलं, एका बाईने पोराला उचलून खांद्यावर घेतलं. झुंबरला हात धरावा तर बाईमाणूस, न धरावा तर आप्पा. तो नुसताच “ताई, ताई” करत राहिला. कोपर तुटून खालच्या हिरव्या गवतात पडलं. आप्पा तसेच हसत होते, फक्त एका बाजूने बारीक झाले होते.

तिने डबे रुळावर चढवले, एकेक जोड हाताने तपासला. सगळे अठरा. बोगद्यातून इंजिन निघालं आणि त्यामागे डबे निघत राहिले. वळणावर प्रत्येकाचं पोट आत आलं आणि कोपराच्या जागेतून हलकेच निसटून गेलं. रांगेला पुढे ढकलणारा स्वयंसेवक ओरडायचा थांबून स्वतःच बघत उभा राहिला. नानांचे ओठ हलत होते, ते मोजत होते. नवव्या डब्याला त्यांचा आवाज फुटला, दहाव्याला तो सगळ्यांना ऐकू गेला.

तेवढ्यात बाहेर ढोल वाजले. झुंबरला घाम फुटला. “आप्पा आले. ताई, बंद करा आधी. हे कोपर चिकटवू द्या, नाय तर माझी काय खैर नाय.” तो बटणाकडे झेपावला.

नाना खुर्चीचा हात धरून उठले. आयुष्यभर गिऱ्हाइकांना ‘हो साहेब’ म्हणत आलेला माणूस टेबल आणि झुंबर यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. त्यांची नजर रुळावरून हलली नाही.

“त्यांना दारात थांबवा,” ते म्हणाले. “अजून सहा डबे यायचेत.”