चाकामागचा दगड

मी वसंतरावांची गाडी बोलतेय. तसं कागदोपत्री मी त्यांच्या मुलाची, विराजची, चालवतोही तोच. पण भोरात आमच्या आळीत कुणालाही विचारा, "ही पांढरी गाडी कुणाची?" उत्तर येईल, "वसंतरावांची." कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला हुकूम सोडायला काहीतरी लागतंच. वसंतरावांना मी मिळाले.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं माझ्या अंगाखाली चार चाकं बसवली, दिवे दिले, ब्रेक दिले आणि आता तू थांबायला आणि चालायला समर्थ आहेस असं सांगून मला बाहेर काढलं. मला ते खरं वाटलं. पुढं दुकानाच्या दारात शैलजाबाईंनी, म्हणजे वसंतरावांच्या पत्नीनं, माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि माझ्या चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. जगातलं पहिलं पाऊल मी लिंबावर टाकलं, तेव्हाच मला जरा शंका आली होती.

सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. नव्या गाडीचा वास जाईल म्हणे. तो वास केव्हाच गेला. आता माझ्या पोटात दुधाचा, बिस्किटांच्या चुऱ्याचा आणि एकदा सांडलेल्या मठ्ठ्याचा वास आहे. उन्हाळ्यात त्या प्लॅस्टिकला माणसं चिकटतात आणि उठताना असा आवाज होतो की सगळे एकमेकांकडे बघतात.

हे सगळं मी सोसलं असतं. सोसवत नव्हता तो दगड. वसंतरावांचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. मला उभं केलं की ते उतरतात आणि मागच्या चाकाला दगड लावतात. चढावरच नव्हे, सपाट अंगणातसुद्धा! वाटेत मनासारखा दगड मिळत नाही म्हणून त्यांनी घरचा एक काळा दगड माझ्या डिकीतच ठेवलाय. थोरली नात तान्ही असताना सहलीला निघालो, तेव्हा तिची झोळी जागा नाही म्हणून राहिली, पण दगड राहिला नाही. "हँडब्रेकचा काय भरवसा? यंत्र ते यंत्र," असं ते चारचौघांत म्हणतात. सुनेसमोर सासूनं स्वयंपाकघराला कुलूप लावावं, तसं वाटतं मला.

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मितालीला, म्हणजे विराजच्या बायकोला, माहेरी वेल्ह्याला जायचं होतं. बाळ झाल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. पदरी साडेतीन वर्षांची चिऊ आणि पाच महिन्यांचं बाळ. "सकाळी सहाला निघू, उन्हाच्या आत पोचू," असं ती आठवडाभर सांगत होती. सहाला सगळे उठले. मग वसंतरावांची पूजा झाली, शैलजाबाईंनी धपाटे लाटले, चिऊनं तिघांना नाही म्हणून चौथ्याकडून चप्पल घालून घेतली, बाळानं निघता निघता दुपटं ओलं केलं. आम्ही निघालो तेव्हा उत्रोलीच्या शेतांवर ऊन चांगलंच चढलं होतं. मिताली मागे दोन्ही पोरांना घेऊन, शेजारी शैलजाबाई, मांडीवर धपाट्यांचा डबा. पुढे विराज आणि वसंतराव. वसंतरावांना गाडी चालवता येत नाही, त्यामुळे ते सतत शिकवत असतात.

शिवऱ्याला हायवेच्या कडेला रसवंतीपाशी थांबलो. दगड लागला. रसवाल्यानं ग्लास देता देता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, गाडी लई जपलीय. अजून नवीच दिसतीय!"

झालं. वसंतरावांचा रस घशातच अडकला.

"दृष्ट लागली," ते गाडीत बसताच म्हणाले.

"बाळाला?" मिताली दचकली.

"बाळाला कशाला? गाडीला! पुढं घाट आहे. नारळ ओवाळल्याशिवाय मी पुढं येणार नाही."

नारळही होताच बरोबर. वेल्ह्याच्या देवीसाठी आणलेला. नसरापूर मागे पडलं, रस्ता चढू लागला आणि एका वळणावर, शेंदूर फासलेल्या दगडाच्या देवापाशी, त्यांनी मला उभं करायला लावलं. मी तोंड वर करून चढावर उभी. मागे उतार आणि उताराच्या टोकाला खोल ओढा. विराजनं हँडब्रेक ओढला. मला गियरमध्ये टाकून ठेवायला मात्र नेहमीसारखा विसरला. वसंतरावांनी डिकीतून काळा दगड काढून चाकामागे सारला.

समोर जांभळाच्या सावलीत एक करवंदवाली पाटी घेऊन बसली होती; साळूबाई हे तिचं नाव नंतर कळलं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

आता चिऊनं भोकाड पसरलं. तिला गप्प करायची आमच्या घरची रीत ठरलेली आहे: माझी चावी तिच्या हातात द्यायची. विराजनं दिली. बाळ मागच्या सीटवर दोन उशांच्या मध्ये झोपलं होतं.

"सगळे खाली उतरा," वसंतराव म्हणाले. "नारळ घरच्या सगळ्यांच्या देखत ओवाळायचा असतो. आणि दारं लावा, गार हवा बाहेर जाईल."

"पोरांना घेते," मिताली म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम आहे! झोपलेलं बाळ उठवतेस कशाला?"

चौघं मोठी माणसं उन्हात हात जोडून माझ्यासमोर उभी राहिली. वसंतराव नारळ घेऊन मला प्रदक्षिणा घालू लागले. दुसरी फेरी चालू असताना आत चिऊनं चावीवरचं बटण दाबलं. माझी चारही दारं खटकन लॉक झाली. तो आवाज माझ्याच अंगातून आला, आणि मला तो परत घेता येईना.

आधी सगळे हसले. "चिऊ, दुसरं बटण दाब हं!" चिऊलाही खेळ वाटला. तिनं चावी फ्रॉकमध्ये लपवली, मग तिचा हात पोचणार नाही अशी सीटखाली टाकली आणि टाळ्या वाजवल्या. मग बाळ उठलं.

गार हवा कितीशी टिकणार? काचांतून ऊन आत येत होतं. बाळाचा चेहरा लाल झाला, रडण्याचा सूर बदलला. ते बघून चिऊ घाबरली, तीही रडू लागली. मी सुन्न झाले. ज्या पोटात ही लेकरं झोपतात, तेच पोट तापत होतं, आणि मला साधी एक काच खाली करता येत नव्हती.

बाहेर आमची शहाणी माणसं विचारविनिमय करत होती.

"दुसरी चावी कुठाय?" विराज ओरडला.

"देवघरात," शैलजाबाई रडत म्हणाल्या. "देवापाशी सुरक्षित राहील म्हणून ठेवली रे!"

मोबाईलला रेंज नव्हती. विराजनं काचेवर कोपर मारलं आणि कोपर धरून बसला.

"काच फोडायचीच तर मागची लहान फोडा," वसंतराव म्हणाले. "मोठी नको. आणि जरा थांबा, कुणीतरी येईल रस्त्यानं."

साळूबाई पाटी टाकून धावत आली होती. डोक्यावरचा पदर सोडून तिनं काचेवर धरला, पोरांवर सावली पडावी म्हणून. "अवो, कंची काच ते काय बगताय?" ती ओरडली. "पोरं भाजत्यात आत! फोडा कंची बी!"

मितालीनं वसंतरावांच्या हातातला नारळ ओढून घेतला आणि सगळा जीव एकवटून माझ्या पुढच्या दाराच्या काचेवर हाणला. नारळ फुटला. काच नाही. देवीचं पाणी माझ्या दारावरून ओघळलं.

तिनं आजूबाजूला बघितलं. हातात बसेल असा दगड कुठंच नव्हता, नुसती खडी. एकच दगड होता. ती माझ्या मागे धावली, खाली वाकली आणि तो काळा दगड चाकामागून उपसला.

"अगं तो नको! गाडी जाईल!" वसंतराव किंचाळले.

खरं सांगते, मलाही वाटलं, जाईल. हँडब्रेकची तार बरेच दिवस सैल होती. माझं सगळं वजन मागे ओढ घेऊ लागलं. तार कुरकुरली. मी बोटभर सरकले. पोटात दोन लेकरं, मागे ओढा. इतकी वर्षं ज्याच्यासाठी माझा अपमान झाला, ते आता करून दाखवायचं होतं. मी धरलं. कसं धरलं ते माझं मला माहीत. मी पुन्हा हलले नाही.

त्याच क्षणी विराज धावत माझ्या मागे आला. आणि, मी हे विसरणार नाही, वसंतरावही आले. धोतर सावरत त्यांनी माझ्या डिकीला पाठ लावली आणि डोळे मिटले. दगड नव्हता, तर ते स्वतः दगड झाले. त्या माणसाला मी खूप नावं ठेवली आहेत, पण त्या घडीला मला त्यांची कीव आली आणि मायाही आली.

दुसऱ्या घावाला काच फुटली. मला दुखलं नाही. मितालीनं आत हात घातला, दार उघडलं आणि बाळाला उराशी धरलं. तिच्या मनगटातून रक्त येत होतं, तिला पत्ता नव्हता. चिऊ "मी नाही केलं, मी नाही केलं" म्हणत तिच्या गळ्यात पडली. साळूबाईनं कळशीतल्या पाण्यानं पोरांची तोंडं पुसली. वसंतराव मात्र माझ्या मागून हलायला तयार नव्हते. दगड परत लावल्यावरच हलले.

त्या दिवशी फुटक्या काचेतून वारा घेत आम्ही वेल्ह्याला पोचलो. बाळ वाटभर शांत झोपलं.

आता मी भोरात अंगणात उभी असते. काच नवी आली, तिला चिकटवलेला कागद वसंतराव काढू देत नाहीत. मागे आता एकाऐवजी दोन दगड असतात. आल्यागेल्याला गोष्ट सांगितली जाते. शैलजाबाई म्हणतात, नारळ ओवाळला म्हणून निभावलं. विराज म्हणतो, नशीब. वसंतराव म्हणतात, "अख्खी गाडी मी या पाठीवर अडवली!" आणि पाठीला रोज तेल लावून घेतात. माझं नाव कुणी घेत नाही. फक्त मिताली कधी कपडे वाळत घालायला आली की माझ्या पाठीवर ओला हात ठेवून क्षणभर उभी राहते. तेवढं मला पुरतं.

काल चिऊ ओट्यावर खेळत होती. बुटांचा खोका तिची गाडी. तिनं खोक्यातून बाहुली बाहेर काढली, पायरीवर नीट निजवली आणि मग हातात कांदा घेऊन रिकाम्या खोक्याला ओवाळू लागली.

वसंतराव खुर्चीतून म्हणाले, "अगं, बाहुलीला आत असू दे की. नुसत्या गाडीची दृष्ट काढतेस?"

चिऊनं कांदा थांबवला आणि आजोबांकडे बघितलं.

"नाही आबा. आधी बाळ बाहेर."

वसंतराव खुर्चीतून उठले. अंगणात आले, माझ्या दाराशी घुटमळले. मग खिशातली चावी, जी ते अजूनही चिऊ रडली की तिच्या हातात देत होते, त्यांनी भिंतीवरच्या उंच खिळ्याला अडकवली.

दगड तेवढे राहिले. तेही कधीतरी काढा हो, वसंतराव. मी थांबते.