एक उणा तीस

मी शिंप्याच्या गळ्यातली एक जुनी टेप आहे, मित्रांनो. कापड मोजायची, पिवळी, दोन्ही टोकांना पितळी पट्टी असलेली. मला एका जागी स्वस्थ बसवतच नाही. गुंडाळून ठेवलं की मी आपोआप उलगडते, खिळ्याला टांगलं की पंख्याच्या वाऱ्यावर डोलत राहते.

कारखान्यात माझ्या अंगावर रंगाचा लेप चढला आणि छपाईच्या रुळाखालून निघताना एक ते साठ आकडे उमटले. तेव्हा मला वाटलं, आपल्याला शहाणपण आलं. शहाणपण कसलं, नुसते आकडे होते ते.

पुढे मी मास्तरांच्या दुकानात आले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. ते गिऱ्हाइकाची मापं घेत, त्यांची थोरली बहीण कापड कापून मशीनवर शिवत असे. मास्तरांची लेक तिला आत्या म्हणे, म्हणून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायची. आणि लेकीचं नाव पडलं होतं भिंगरी. तिचे पाय जमिनीला टेकलेले मी क्वचितच पाहिले.

एका दुपारी मात्र ती दुकानात शिरली ती थेट कापायच्या टेबलाखाली जाऊन बसली. ती गणितात नापास झाली होती. बाई तोंडी आकडे सांगत आणि मुलांनी ते लिहून बेरीज करायची, त्यात तिचं एकही उत्तर बरोबर आलं नव्हतं. सुट्टी संपली की पुन्हा परीक्षा होणार होती. तीही हुकली, तर मैत्रिणी पुढे जाणार आणि भिंगरी त्याच वर्गात राहणार.

"मी नाही जाणार शाळेत," टेबलाखालून आवाज आला. "मी इथेच काजं करीन."

"काजं करायलासुद्धा मोजावं लागतं, बाई माझे," आत्या म्हणाली. "नाहीतर बटण एकीकडे नि भोक दुसरीकडे. ये बाहेर, नाहीतर केराबरोबर काढीन तुला."

मास्तरांनी तिला कामाला लावलं. त्यांनी माप सांगायचं, तिने ते भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचं. मला वाटलं, छान झालं, पोरीचं मन रमेल.

तेवढ्यात शेजारचे घड्याळवाले काका शर्ट शिवायला आले. काका इतके हडकुळे, की वाऱ्याने उडू नये म्हणून खिशात पक्कड ठेवतात, असं आत्या म्हणायची. मास्तरांनी मला त्यांच्या छातीभोवती गुंडाळलं आणि सांगितलं, "छाती चौतीस." भिंगरीने लिहिलं. मास्तर दोरे आणायला बाहेर गेले. आत्या तेव्हा आत चहा करत होती. तिने गिऱ्हाईक पाहिलंच नव्हतं. फळ्यावर जे होतं, तेच तिने कापलं.

काका शर्ट न्यायला आले आणि तो अंगात घालून आरशासमोर उभे राहिले.

"मास्तर, यात मी एकटाच राहू, की भाडेकरू ठेवू?"

आत्याला हसू आवरेना. मास्तरांचे मात्र कान तापले. "भिंगरे! चौतीस सांगितलं होतं ना मी?"

"चौतीसच लिहिलंय!" भिंगरीने फळ्याकडे बोट दाखवलं. "आधी तुम्ही चौ म्हणालात, मी चार लिहिला. मग तीस म्हणालात, तीन लिहिला."

फळ्यावर ४३ होते.

मशीन थांबलं. काका तंबूसकट स्टुलावर बसले. "पोरीचं काय चुकलं हो? आपण बोलतो एक नि लिहितो उलट. आपल्याला हे कुणी शिकवलं होतं, आठवतंय का कुणाला?"

मास्तर फळ्यापाशी गेले.

"म्हणजे शाळेतही तू असंच..." मास्तरांनी विचारलं. भिंगरीने होकाराची मान डोलावली. मास्तरांनी मला गळ्यातून काढलं आणि टेबलावर लांब पसरलं. "शोध बघू इथे चौतीस."

तिचं बोट माझ्या अंगावरून तुरुतुरु निघालं. तीस ओलांडून चार घरं गेलं आणि थांबलं. ३४.

"बोलताना धाकटं पुढे पळतं," आत्या म्हणाली, "लिहिताना थोरल्याला आधी बसवायचं."

एका दिवसात काही हे जमलं नाही. पंचवीस सुधारलं की बावन्न बिघडायचं. आणि एकोणतीस तर तिचा वैरीच! बोट तिसाच्या पुढे जाऊन ३९ वर थांबायचं. एकदा तिने रागाने मला भिरकावून दिलं. "ही टेप खोटं बोलते!" मी मशीनखाली चिंध्यांत जाऊन पडले. खरंच का मी खोटी? जीव नुसता टांगणीला लागला.

आत्याने मला पायानेच ओढून बाहेर काढलं. "अगं, एकोण म्हणजे एक उणा. तीस गाठायला त्याला एक कमी पडला, म्हणून बिचारा एकोणतीस. नापास झालेला तीसच तो!"

भिंगरी रडता रडता हसली. "माझ्यासारखा?"

"तुझ्यासारखाच. मात्र त्याच्यावर कुणी रुसत नाही. त्यालाही नाव आहे, जागा आहे. चल, तिसावर जा नि एक घर मागे ये."

परीक्षा जवळ आली तशी माझी तगमग वाढली. परीक्षेत आकडे शंभरापर्यंत येणार होते, आणि माझं अंग तर साठावरच संपतं! भिंगरी म्हणाली, "मी टेप घेऊन जाते." मास्तर म्हणाले, "नाही गं. आता तुझी तूच जा."

त्या दिवशी मी खिळ्याला लटकून दाराकडे बघत होते. मास्तरांनी एकाच गिऱ्हाइकाचा गळा पुन्हा पुन्हा मोजला, शेवटी ते बिचारं म्हणालं, "मास्तर, फाशी देताय का?" आत्या मशीनमध्ये दोरा न घालताच शिवत होती.

आणि भिंगरी धावत आली. "बाबा, बाईंनी एकोणनव्वद सांगितला!"

नव्वद मी कधी पाहिलाच नव्हता.

"मग?" मास्तरांनी विचारलं.

"मी आधी नऊच लिहिला. मग म्हटलं, थांब. एक कुणाला कमी पडलाय? नव्वदाला. मग खोडलं नि एक घर मागे आले." तिने फळ्यावर ठसठशीत ८९ लिहिले. "बाई म्हणाल्या, खाडाखोड फार करतेस. मी म्हटलं, हो बाई, पण आता कुठे खोडायचं ते कळतं."

"आणि निकाल?" आत्या ओरडली.

"बाईंनी तिथेच तपासलं. वरच्या वर्गात!"

मित्रांनो, माझ्या अंगावर जो आकडाच नाही, तो तिने मला सोडून एकटीने गाठला. तेवढा आनंद मला कुठल्याच नव्या कापडाने दिला नाही.

पुढे वर्षानुवर्षं ओढून ओढून माझं कापड ताणलं गेलं. माझा इंच आता इंचाहून मोठा झालाय. मास्तरांच्या गळ्यात नवी टेप आली आणि मी खणात बटणांच्या डब्याशेजारी पडले. आता मला घेऊन शर्ट मोजू नका. पण एक विनंती ऐका. तुमच्या शेजारी बसणाऱ्या कुणाचं उत्तर चुकलं, तर लगेच हसू नका. त्याने मोजायला सुरुवात कुठून केली, ते त्याला विचारा. आणि तो सांगेपर्यंत थांबा.