धापूची झोप

खेजडीच्या झाडाखालच्या तेजाजींच्या ठाणावर त्या सकाळी इतकी गर्दी होती, की चावलेला साप निकाल ऐकायला आला असता तर त्याला उभं राहायला जागा मिळाली नसती. गायी सोडवायला दरोडेखोरांशी एकट्याने लढलेला हा वीर. आता देव झाल्यावर त्याच्याकडे सर्पदंशाचं खातं होतं, आणि खात्याचा कारभार घोडला, म्हणजे तेजाजी अंगात येणारा पुजारी, भोमाराम पाहत असे.

भोमारामने साप चावलेल्या नऊ वर्षांच्या धापूच्या पायाला तोंड लावलं, ओढलं, थुंकला. थुंकी काळीकुट्ट!

"विष उतरलं! तेजाजी महाराज की जै!"

हरजीरामने लेकीच्या दंडावर तेजाजींच्या नावाचा दोरा, तांती, बांधली. लहानपणी त्यालाही साप चावला होता, तोही याच ठाणावर वाचला होता. यापेक्षा मोठा पुरावा कुठे मिळायचा?

"बापू, डोळे उघडत नाहीत," धापू गेंगाण्या आवाजात म्हणाली.

"महाराज झोप देतायत," घोडला म्हणाला. "विष उतरल्याची पावती आहे ती. प्रसादाचा चुरमा करा!"

"जीप बोलवा हो," धापूची आई सिणगारी नवऱ्याला म्हणाली. "हिची मान बघा, टिकत नाहीये."

"वेडी का तू? तांती बांधली की गावाची वेस ओलांडत नसतात."

"मी ओलांडते. पाप मला लागू दे."

भांडण मिटलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जीप दवाखान्याच्या फाटकात शिरली तेव्हा धापूचा श्वास थांबलेला होता. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ छाती दाबली, नळी घातली. मग त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

"काका, हिला मण्यार चावली. ना दुखत, ना सुजत. आधी पापण्या मिटतात, मग मान पडते, मग श्वास. झोप नव्हती ती. सकाळीच आणली असतीत तर इंजेक्शन होतं, श्वासाचं यंत्र होतं."

"पण मी वाचलो होतो ना, बाईसा!"

"कसला होता साप?"

"लांबलचक, पिवळसर. उंदरांमागे धावणारा."

"धामण. तिला विषच नसतं. घरी बसला असतात तरी वाचला असतात."

"आणि ती काळी थुंकी?"

"पुढच्या वेळी त्याला आधी चूळ भरायला सांगा. गालात कोळशाची गोळी असते."

तेराव्यानंतर हरजीराम ठाणावर गेला. भोमाराम लोकांना सांगत होता, "आई रडली, तांतीला विटाळ झाला. नाहीतर नागाने महाराजांना वर दिलाय, तांतीवाला मरत नाही."

"माझी धापू मेली," हरजीराम म्हणाला.

तो भोमारामसमोर जाऊन उभा राहिला.

"तेजाजींनी नागाला शब्द दिला होता, लढून परत येईन, मग चाव. आले. अंगावर बिनजखमेची जागा नव्हती, म्हणून जीभ पुढे केली. आणि मेले, भोमाराम! विषाने मेले. शब्द पाळला म्हणून आपण त्यांना पुजतो. तू कुठला शब्द पाळलास? चल, चूळ भर सगळ्यांसमोर."

भोमारामने तोंड घट्ट मिटलं.

मागून एका म्हातारीने विचारलं, "मग रे हरजी, तांती बांधायचीच नाही का?"

"बांधा की, काकी. दवाखान्यात इंजेक्शन चालू झालं की बांधा. माझ्यासारखं आधी नका बांधू."