तळ्याकाठची पाटी

अंजूनं सासूचा दंड धरून तिला पाटीपुढून भरभर पुढं नेलं, तशी शिवगंगाबाईनं काठी रोवली.

“ओढती कशाला गं? म्हैस हाय का मी? हप्ता झाला, सून माझ्याकडं बघून बोलंना. आज बाग दावायला आणलं तर पळवायली.”

“तसं न्हाई आत्या, ऊन लागंल. आधी पाखरं तर बघा.”

अहमदपूरच्या या बागेच्या आणि भोवतालच्या घरांच्या जागी पूर्वी तळं होतं. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या अंजूनं त्या तळ्याचा काठ इथं पुन्हा उभा केला होता. लोखंडी सळ्यांची पाणकणसं, भाजल्या मातीचे बगळे, पाण्याच्या जागी निळ्या काचांचा चुरा. उद्‌घाटन उद्या होतं.

एक बगळा मान मुडपून एका पायावर उभा होता. शिवगंगाबाई त्याच्यापाशी बराच वेळ थांबली. पूर्वी तळ्यावर ती धुणं बडवायची तेव्हा खरा बगळा असाच उभा राहायचा, चार हातांवर, न भिता. तिनं त्याच्या पाठीवरची धूळ पदरानं पुसली.

मग ती पाटीकडं माघारी वळली. दुसरीपर्यंतच्या शाळेवर तिनं एकेक अक्षर जुळवलं.

“का-ळा-च्या ओ-घात त-ळे ना-ही-से झा-ले.”

अंजू खाली बघू लागली.

“नाहीसं झालं? बगळ्यासंगं उडून गेलं व्हय?”

“आत्या, उद्या सगळं गाव येणार. मामंजींना लोक अजून देवमाणूस म्हणतात.”

“देवमाणूसच व्हते.” ती कठड्यावर टेकली. दम लागला होता. “ट्रॅक्टर आपले. दोन महिने मुरूम वतला, प्लॉट पाडले, त्यावर पोरं शिकिवली. पयल्या खेपेला नारळ म्या फोडला.”

“मग काय लिहू?”

साठ वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. ते गेल्यावरही नाही. रेशनच्या दुकानात कुणी विचारलं तर ती कार्डावर बोट ठेवायची. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, ओठ ओले केले.

“गुरुलिंग विरूपाक्ष हालगे. ह्यांनी बुजिवलं, असं लिही. बगळा खरा केलास तू अंजे. पाटी मात्र भिऊन लिवलीस.”