तिसगावची राणी

ही गोष्ट २०२३ सालच्या उन्हाळ्यातली. मला तेव्हा शहात्तरावं लागलं होतं आणि मी संगमनेरच्या घरात एकटी राहत होते. माझे यजमान कृपादान जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी कृपा पुण्याला नर्स होती. तिला मस्कतला दोन वर्षांची नोकरी मिळाली होती आणि जुलैत जायचं होतं. जावई इमॅन्युएल चाकणच्या कंपनीत पाळ्यांत काम करायचे, त्यांच्याने एकट्याने मुलीचं करणं होणार नव्हतं. तेव्हा त्यांची मुलगी शॅरन दोन वर्षं कोणाकडे राहणार, हा प्रश्न होता. माझ्याकडे, की तिच्या दुसऱ्या आजीकडे, तिसगावला?

मला त्यात प्रश्न असा दिसतच नव्हता. मी छत्तीस वर्षं शिक्षिका होते. घराजवळ चांगली शाळा होती. तिसगावला मुक्ताबाईंची, म्हणजे माझ्या विहीणबाईंची, सहा एकर कोरडवाहू जमीन, चार शेळ्या आणि पत्र्याचं घर. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पण कृपा म्हणाली, "आई, ती तेरा वर्षांची आहे. तिलाच ठरवू दे." शाळा उघडायच्या आत शॅरनने काय ते सांगायचं असं ठरलं, आणि मे महिन्यात ती माझ्याकडे आली.

तिला माझ्याकडेच ठेवून घ्यायची मी मनात पूर्ण तयारी केली होती. कृपाची जुनी खोली रंगवून घेतली होती, टेबल घेतलं होतं. त्या टेबलावर तिने बापाचा जुना लॅपटॉप मांडला आणि दिवसभर एक खेळ खेळायला लागली. मला वाटलं, सुट्टी आहे, खेळू दे.

मग तेवीस तारखेला मुक्ताबाई आल्या. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन संगमनेरला करायचं जावयांनी ठरवलं होतं. डॉक्टर ओळखीचे होते आणि माझं घर जवळ. पंधरा दिवस मुक्काम. मी नाही कसं म्हणणार?

ऑपरेशन झालं. डोळ्याला काळा चष्मा लागला. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होता, तो अजून पिकायचा होता. थोडक्यात, त्यांना धड काही दिसत नव्हतं. वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, दिवसातून चार वेळा थेंब. थेंब घालायचं काम मी घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी शॅरनने बाटली माझ्या हातातून काढून घेतली. "बाईआजी, तू फार घाबरवतेस तिला. डोळा उघडा, डोळा उघडा, असं वर्गात ओरडल्यासारखं."

बाईआजी हे नाव तिने लहानपणीच मला दिलं होतं. सगळं गाव मला बाई म्हणायचं, म्हणून मी बाईआजी. मुक्ताबाईंना मात्र ती नुसतं आज्जी म्हणे. तेरा वर्षांत या गोष्टीचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात वाटायला लागलं.

आता त्या खेळाविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. जुन्या काळातलं एक राज्य. किल्ला, बाजार, शेतं, लोहार, वैद्य, सरदार. ती माणसं आपण घडवायची. चेहरा, कपडे आणि मुख्य म्हणजे स्वभाव. एका मोठ्या यादीतून दोन गुण निवडायचे आणि एक दोष. मग ते माणूस आपल्या स्वभावाप्रमाणे वागायला लागतं आणि त्यावर राज्याचं बरं-वाईट ठरतं. सगळं इंग्रजीत होतं. शॅरन मोठ्याने वाचून त्याचं मराठी करून मुक्ताबाईंना सांगायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायची.

"आज्जी, तुला राणी करते. दोन गुण सांग. शूर, हुशार, दिलदार, मेहनती, देखणी..."

"देखणी टाक की! हितं तरी व्हऊ दे."

"देखणी राणी काय करणार? शत्रू आला तर आरसा दाखवणार?"

"मंग तूच टाक बाई. मला काय दिसतंय व्हय त्यातलं?"

"शूर टाकते. तू त्या शेळ्या चोरायला आलेल्या दोघांना खुरपं घेऊन पिटाळलंस ना?"

"त्ये दोघं न्हवतं, येकच हुता. दुसरं त्याचं कुत्रं."

दोघी इतक्या हसल्या की मुक्ताबाईंनी डोळ्यावरचा चष्मा सावरला. दुसरा गुण दिलदार ठरला. मग शॅरन म्हणाली, "आता दोष."

"त्यो न घेता न्हाई चालत?"

"नाही. दोष टाकल्याशिवाय माणूस तयारच होत नाही."

"मंग हुशार मानसानं केलाय ह्यो खेळ. खादाड टाक. शेंगुळे समोर आले की मला दम निघत न्हाई, खरं सांगते."

मी आत शेंगुळेच वळत होते. मुक्ताबाईंना आवडतात म्हणून शॅरननेच करायला सांगितले होते.

त्या आठवड्याभरात ते राज्य फार वाढलं. मुक्ताराणीने दुष्काळात धान्याचं कोठार उघडलं, लोक शेजारच्या राज्यातून येऊन राहिले. इमॅन्युएल लोहार झाले, कृपा वैद्य झाली. तिसगावची काळी शेळीसुद्धा किल्ल्यात बांधलेली होती. एकदा भाजी निवडता निवडता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि मी कोण गं?"

शॅरनने पडद्यावरून नजर हलवली नाही. "तुझं अजून व्हायचंय."

"शेळीचं झालं वाटतं?"

"अगं, करणार आहे ना."

मी नगरला मिशनच्या बोर्डिंगात शिकले. तिथे नाताळच्या नाटकात मला कधी पात्र मिळालं नाही. सगळ्यांची वाक्यं मला पाठ असत, म्हणून बाई मला पडद्यामागे उभं करायच्या. विसरणाऱ्यांना शब्द पुरवायला. सगुणा नावाची मुलगी दर वर्षी मरिया व्हायची. निळी साडी, मांडीवर बाहुली. तिला दोन ओळी धड यायच्या नाहीत. एका वर्षी तिसरी ओळ ती विसरली आणि मी मुद्दाम गप्प राहिले. सगुणा तशीच बसून राहिली, आणि लोकांना तीच आवडली, लाजली म्हणून. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दुपारी भाजी निवडताना ती मला काल घडल्यासारखी आठवत होती.

मंगळवारी शॅरन मुक्ताबाईंना घेऊन दवाखान्यात तपासणीला गेली. घरात मी एकटी. मी निवृत्तीच्या आधी संगणकाचं प्रशिक्षण घेतलं होतं, तेव्हा लॅपटॉपला मी बिचकत नव्हते. मी तो उघडला. मला फक्त बघायचं होतं, मी त्यात कुठे आहे का.

होते. एका कोपऱ्यात एक करडी आकृती, चेहरा नसलेली, अंगावर कपडे नसलेली, खाली माझं नाव. पुढे दोन गुण लिहिलेले, हुशार आणि शिस्तीची. दोषाची चौकट रिकामी. पोरीला कंटाळा आला असेल आणि तिने मला अर्धवट टाकून दिलं असेल, असं मला वाटलं. शेजारी मुक्ताराणी. हिरवा शालू, डोक्यावर मुकुट, ओठांवर हसू.

मी राणीवर बोट ठेवलं. गुण बदलायचे का, असं इंग्रजीत विचारलं गेलं. शूर काढून मी भित्री टाकलं. दिलदार काढून कंजूष. नक्की का, असं पुन्हा विचारलं गेलं. मी नक्की म्हणाले, लॅपटॉप मिटला आणि चहा ठेवला. त्या दोघी आल्यावर चहा प्याल्या, मीपण त्यांच्याबरोबर प्याले.

त्या रात्री शॅरन दमून लवकर झोपली, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीतल्या बायबल शाळेला गेली होती. खेळ उघडायला तिला संध्याकाळ झाली. तासाभरात तिची किंकाळी ऐकू आली. राणीने कोठार बंद केलं होतं, लोक राज्य सोडून गेले होते, शत्रू आला तेव्हा राणी तळघरात लपून बसली होती आणि किल्ला गेला होता. मागचं परत आणायची सोय त्या खेळात नव्हती. एका महिन्याचं काम.

"कोणी हात लावला? गुणच बदललेत! कोणी हात लावला याला?"

मी तोंड उघडायच्या आत मुक्ताबाई म्हणाल्या, "सोन्या, म्या पदरानं पुसलं हुतं सकाळी. लई धूळ बसली हुती. माज्याच बोटानं काय तरी दाबलं गेलं आसंल."

"तुला कोणी सांगितलं होतं पुसायला? तुला दिसत नाही तर कशाला हात लावतेस?"

मुक्ताबाईंनी चाचपत पदर सावरला. खरं काय ते मी सांगितलं नाही.

पुढचे तीन दिवस शॅरन त्यांच्याशी बोलली नाही. थेंब पुन्हा माझ्याकडे आले. ती माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसायची, पोळ्या लाटायची, शाळेचं विचारायची. शनिवारी ती म्हणाली, "बाईआजी, मी इथेच राहीन. पप्पांना सांगू?" मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी म्हणाले, "उद्या चर्चहून आल्यावर सांगू."

जूनचा पहिला रविवार होता. आमच्याकडे पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. कोणाचं आपल्यामुळे मन दुखलं असेल तर आधी त्याच्याशी समेट करायचा आणि मगच भाकर आणि प्याला घ्यायचा, हे आम्ही लहानपणापासून शिकतो. मीच चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं. बाकावर आम्ही तिघी बसलो होतो. मुक्ताबाई, मधे शॅरन, या टोकाला मी. लहान मुलं घेत नाहीत, म्हणून ताट शॅरनच्या पुढून जायचं होतं.

काचेच्या इवल्या प्याल्यांचं ताट मुक्ताबाईंकडे आलं. त्यांनी ते चाचपून दोन्ही हातांनी धरलं आणि काही न घेता पुढे दिलं. मागच्या बाकावर कुजबुज झाली. शॅरनने त्यांच्याकडे पाहिलं. मग ताट माझ्याकडे आलं. मी नाही घेतला तर उद्या अख्खं चर्च विचारेल, एवढंच माझ्या मनात आलं.

मी प्याला घेतला.

बाहेर पायऱ्यांवर पाळकांच्या आई, लंकाबाई, भेटल्या. त्यांना कसलीच भीड नाही. "काय हो मुक्ताबाई, प्याला का नाही घेतला?"

"पोरीचं नुकसान केलंया म्या," मुक्ताबाई म्हणाल्या. "तिचा राग अजून माज्यावर हाय. त्यो निवळंस्तवर प्याला कसा घ्यायचा?"

शॅरन त्यांच्या कमरेला बिलगली आणि रडायला लागली. "नाही गं आज्जी, नाहीये माझा राग. मी वाईट बोलले तुला. मी वाईट आहे."

मुक्ताबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. आणि मी तिथे उभी राहून बघत होते. खरं सांगायचं तर मला पश्चात्ताप झाला नाही. मला हेवा वाटला. गुन्हा माझा, आणि माफी यांना! मला देण्याजोगी एकच गोष्ट त्या मुलीजवळ होती, आणि तीसुद्धा ही बाई घेऊन चालली होती.

"ते मी केलं," मी म्हणाले. "मंगळवारी. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा."

लंकाबाईंना तेव्हा काही कळलं नाही. शॅरनला कळलं. मुक्ताबाईंनी काळा चष्मा माझ्या दिशेला वळवला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "आवो बाई, मंग तुमी प्याला कसा घेतला?"



घरी कोणी जेवलं नाही. दुपारी शॅरन माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "का केलंस?"

"तू सगळ्यांना केलंस, शेळीलासुद्धा. मला अर्धवट टाकलंस."

"टाकलं नव्हतं गं. दोष टाकल्याशिवाय तू तयार होत नव्हतीस. मला तुझा दोषच ठरवता येत नव्हता. आठ दिवस विचार करत होते."

मी पलंगावरची चादर सरळ केली. मग विचारलं, "मत्सरी असं आहे का यादीत?"

"आहे."

"मग टाक."

"आता नको बाईआजी," ती म्हणाली. "मी आज्जीबरोबर तिसगावला जाते. तिथे राहते. तुझ्यावर रागावून नाही. पण तिला मी फार बोलले."

आठ तारखेला इमॅन्युएल टेम्पो घेऊन आले. टेबलही मी त्यात घालून दिलं.

कृपा मस्कतला दोन वर्षं राहून परत आली आणि आता पिंपरीच्या एका रुग्णालयात आहे. तिला हे सगळं शॅरनने नाही, माझ्याकडूनच ते काढून घेतलेल्या लंकाबाईंनी सांगितलं. त्यावरून ती मला एक शब्दही बोलली नाही. इमॅन्युएल अजून पाळ्यांत आहेत. शॅरनने आठवी-नववी तिसगावच्या शाळेत केली, पहिल्या पाचांत आली, आणि यंदा दहावीला पुण्यात बसली. तो खेळ तिने पुन्हा मांडला नाही, लॅपटॉपच मोडला म्हणे. रविवारी फोन करते. हल्ली मला नुसतं आजी म्हणते. मोठी झाली म्हणून असेल.

मी सहा महिने प्याला घेतला नाही. लोकांनी विचारायचं ते विचारलं. नाताळच्या आधी एसटीने तिसगावला गेले आणि मुक्ताबाईंची माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, "झालं गेलं," आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही संगमनेरलाच करायचं ठरवून टाकलं. ते झालं. थेंब या खेपेला मीच घातले.

मुक्ताबाई गेल्या वर्षी मे महिन्यात वारल्या. शेतातून आल्या, पाणी मागितलं आणि गेल्या. त्यांच्या मातीला सगळं तिसगाव लोटलं होतं, हिंदू, मुसलमान सगळे. शॅरनला आवरत नव्हतं, दोघीजणींनी तिला धरलं होतं. मी काठी टेकत मागे उभी होते आणि माझ्या वेळी ती इतकी रडेल का, याचा विचार करत होते.